राजाची एक उडी

२८ जुलै २०२५ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर बुद्धिबळाच्या मालकीचा खटला उभा राहिला. पेढे ज्यांनी आणले होते तेच फिर्यादी झाले. म्हणाले, खेळ आपलाच, मधली हजारभर वर्षं जगाने वापरला, आता घरी आला. दुसऱ्या गृहस्थांना हे पचेना. आपला कसला, आज खेळतात तो खेळ युरोपात घडला, वजीर पटभर धावायला लागला तो स्पेनमध्ये, आपल्याकडे तो एकेक घर सरकत होता. मग तिसऱ्यांनी पाच हजार वर्षं काढली आणि चौथ्यांनी मंदोदरी: रावणाची लढाईची खुमखुमी पटावर जिरावी म्हणून तिनेच हा खेळ काढला, वगैरे. पेढे संपले, खटला काही संपला नाही. डिसेंबर २०२४मध्ये सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला तेव्हाही हेच साक्षीदार होते आणि हेच पुरावे. दोन्ही वेळा एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही: आपल्या पणजोबांच्या ओसरीवर हा खेळ कोणत्या नियमांनी चालायचा?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू जन्मदाखल्यावरून भांडताहेत, आणि जन्मदाखल्याने वारसा ठरत नाही. बुद्धिबळ भारतात जन्मलं ही गोष्ट पक्की आहे, पण तिच्यात तुमचं-माझं कर्तृत्व शून्य. आपल्या वाट्याला आलेली खरी वस्तू होती ती देशी बुद्धिबळाची. वेगळे नियम, वेगळी चव, डाव कसा संपावा याची वेगळी कल्पना. अगदी आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत ती घराघरात होती. ती आपण दोन पिढ्यांत इतकी साफ पुसून टाकली की आज "खेळ आमचाच" म्हणणाऱ्यांनाही तो आमचा खेळ मांडता येत नाही. मला राग आहे तो या विसरण्यावर. त्यात युरोपचा काही दोष नाही.

आता जन्माची गोष्ट एकदाची निकालात काढू. बुद्धाने कोणते खेळ टाळले याची पाली ग्रंथांतली यादी आठ आणि दहा घरांच्या पटांचा उल्लेख करते, पण पट असणं म्हणजे बुद्धिबळ असणं नव्हे. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षाच्या राज्याचं वर्णन करताना "अष्टापदानां चतुरङ्गकल्पना" म्हणतो. हातपाय, म्हणजे चार अंगं, तोडण्याची शिक्षा त्या राज्यात नाही, 'चतुरंग' होतो तो फक्त अष्टापदावर, म्हणजे आठ-आठ घरांच्या पटावर, असा तो श्लेष आहे; चतुरंग हे खेळाचं जुनं नाव. बहुतेक अभ्यासक हा आपल्या खेळाचा जवळजवळ पहिला निःसंदिग्ध उल्लेख धरतात. इराण्यांच्या पहलवी भाषेतली कथा तर स्वतःच कबुली देते: हिंदुस्थानच्या राजाने हा पट कोडं म्हणून इराणचा बादशहा खुस्रो याच्या दरबारी पाठवला, बुझुर्गमेहेर या मंत्र्याने ते सोडवलं आणि उलट नर्द हा फाशांचा खेळ धाडला. ज्याला खेळ चोरायचा आहे तो अशी कथा कशाला लिहून ठेवेल? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाला जागा देतो. मराठीच्या अगदी जुन्या ओळी ज्या ग्रंथांत सापडतात त्यांपैकी हा एक. पुढे काशीला नीलकंठ भट्ट 'नीतिमयूखा'त तो सविस्तर सांगतो, आणि हे भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं. १९१३ साली एच. जे. आर. मरे या इंग्रजाने बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास लिहिला आणि जन्मस्थान म्हणून भारताचंच नाव दिलं. तेव्हा "जग आपलं श्रेय लाटतंय" ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालेली आहे. आपण अजून कोर्टात बसून आहोत.

आणि ती पाच हजार वर्षं? त्यांचा उगम बघितला तर हसू येतं. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७९०मध्ये भारतीय बुद्धिबळावर निबंध लिहिला. त्यातल्या धाग्यावरून डंकन फोर्ब्स या लंडनच्या प्राध्यापकाने १८६०मध्ये इमला रचला की फाशांनी खेळायचं चौघांचं चतुरंग पुराणांत सांगितलंय, म्हणजे खेळ पाच हजार वर्षांचा. काही वर्षांतच युरोपातल्याच अभ्यासकांनी दाखवलं की तो उतारा पुराणातला नव्हेच. बंगालच्या रघुनंदन या धर्मशास्त्रकाराच्या, म्हणजे जेमतेम पाचशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला आहे. फोर्ब्सचा इमला कोसळला. ढिगाऱ्यातली एक वीट मात्र आपण उचलून देव्हाऱ्यात ठेवली, आणि ती विलायती वीट आहे हे विसरलो. आपल्या प्राचीनतेचा हा आवडता आकडा एका साहेबाने दिलेला आहे आणि दुसऱ्या साहेबांनी खोडलेला आहे.

म्हणून "हा खेळ युरोपचाच" म्हणणारे जिंकले का? नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये वजिराला आणि उंटाला आजचा पल्ला मिळाला हे खरं. त्या बदलाने खेळ वेगवान झाला हेही खरं. पण स्पॅनिश माणूस आजही आपल्या उंटाला 'अल्फिल' म्हणतो. अरबीतल्या 'अल-फील'वरून आलेल्या या शब्दाचा अर्थ हत्ती. म्हणजे तिरका जाणारा मोहरा मुळात हत्ती होता, आणि माद्रिदमधला पोरगा नकळत अजून हत्तीच खेळतोय. आपल्याकडे हत्ती कोपऱ्यात गेला, त्याच्या जागी उंट आला. बंगालमध्ये कोपऱ्यात नौका आहे. आणि आपण मराठीत काय म्हणतो? शह, मात, वजीर, प्यादं. सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. चतुरंग इराणला गेला, शतरंज होऊन परत आला, आणि येताना दरबारी शब्दांचं गाठोडं घेऊन आला. मराठीने राजा, हत्ती, घोडा आणि खेळाचं नाव तेवढं स्वतःचं ठेवलं: बुद्धिबळ. 'शह-काटशहाचं राजकारण' असा मथळा रोज छापणाऱ्या भाषेने शुद्ध मालकीचा दावा सांगू नये. हा खेळ शिवेवरच्या वडासारखा आहे. मूळ कुठे आणि पारंब्या कुठे टेकल्या हे सांगता येतं, पण सावलीचा सातबारा काढता येत नाही.

इथवर बहुतेक शहाणी माणसं मान डोलावतील. वाद पुढे आहे.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, देशी खेळायचे. त्यांचा पट कापडी होता, आणि त्यावर काळी-पांढरी घरं नव्हतीच. सगळी चौसष्ट घरं एकाच रंगाची, लाल दोऱ्याने शिवून आखलेली. उंट कुठवर जातो ते बोटाने तिरकं मोजत जावं लागे. मोहरे लाकडी, लाल आणि हिरवे, वजिराच्या डोक्याची टिकली उडालेली. प्यादं कधीच दोन घरं चालायचं नाही, एकेक पाऊल. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणं, हा प्रकारच नव्हता. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी मारता यायची, पण एकदा शह बसला की तो हक्क गेला. प्यादं शेवटच्या घराला पोचलं की ज्याच्या रांगेत पोचलं त्या मोहऱ्याचा जन्म घ्यायचं, आणि तेही तो मोहरा आधी मेलेला असेल तरच. घोड्याच्या रांगेतलं प्यादं घोडाच होणार. दोन-दोन वजीर घेऊन समोरच्याला चिरडायची सोय नाही.

पण खरी गंमत डावाच्या शेवटी. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा उघडा पाडला की तो विजय नव्हे, ती बुर्ज. डाव बरोबरीत सुटला. म्हणून जिंकत असलेल्या माणसाला शेवटचा एक मोहरा मुद्दाम जिवंत ठेवावा लागे, आणि तो मोहरा त्रास देत असतानाच मात करावी लागे. हरणारा उलट तो मोहरा आत्महत्येला पुढे करी: घे, मार मला, म्हणजे बुर्ज. आजोबा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. आणि मात करायची ती शक्यतो प्याद्याने. वजिराने मात करता येत असताना आजोबा वजीर बाजूला घेऊन बसायचे आणि पाऊण तास प्यादं चालवायचे. मी चिडून म्हणायचो, संपवा ना आता. ते म्हणायचे, "वजिराने काय कुणीही मारेल."

सहावीत असताना मी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत बसलो. चौथ्या-पाचव्या चालीत ऐटीत राजा उचलला आणि घोड्याची उडी मारून सुरक्षित कोपऱ्यात ठेवला. समोरचा मुलगा हसला, पंच आले. "राजाला घोडा समजलास का रे?" आजूबाजूच्या टेबलांवरही हशा. हात लावलाय तर राजाच चालव म्हणाले, आणि राजाला जायला एकच घर होतं, तेही भर मैदानात. डाव वीस चालींत संपला. घरी येऊन मी आजोबांवर ओरडलो, तुम्ही मला चुकीचं शिकवलंत. त्यांनी पट गुंडाळला आणि म्हणाले, "त्यांचा खेळ वेगळा, आपला वेगळा. चहा घे." त्यानंतर मी त्यांच्याशी देशी कधीच खेळलो नाही. हे लिहितानाही ते टोचतं, कारण त्या दिवशी मी एका खेळाचा शेवटचा विद्यार्थी होतो आणि शाळा सोडून आलो होतो.

यावर विरोधकांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते लेचंपेचं नाही. पहिलं: देशी नियम गेले म्हणूनच आनंद, गुकेश, दिव्या झाले. जगाशी खेळायचं तर जगाच्या नियमांनी खेळावं लागतं. पंजाबच्या मीर सुलतान खानाचंच बघा. देशी खेळावर वाढलेला हा माणूस विलायती नियम शिकून सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरचा म्हणून १९२९मध्ये लंडनला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, पुढे १९३२ आणि १९३३मध्येही झाला, आणि मधे हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. तो देशी नियमांना चिकटून बसला असता तर त्याचं नावही उरलं नसतं. हे मी पूर्ण मान्य करतो. पण त्याच माणसाचे डाव बघा. सुरुवात कच्ची, शेवट मात्र असा चिवट की भलेभले घामाघूम. तुम्ही आयुष्यभर प्यादी एकेक घर चालवलेली असतील आणि शेवटचा मोहरा न मारता मात करायची सवय असेल, तर शेवटचा डाव तुमचं अंगण होतं, यात नवल काय? त्याच्याही आधी, १८५०च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या वकिलाशी शेकड्याने डाव खेळले. प्यादी मधे घुसवण्याऐवजी उंट बाजूच्या घरात बसवून ते लांबून मारा करायचे, कारण देशी खेळाने तीच चाल हाडात भिनवली होती. १८५५च्या त्यांच्या एका डावाची सुरुवात आज ग्रुनफेल्ड नावाने शिकवतात, आणि ज्याचं ते नाव त्या ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने ती खेळली ती १९२२मध्ये. त्या घराण्याच्या बचावांना जग 'इंडियन डिफेन्स' म्हणतं. म्हणजे देशी खेळ म्हणजे अडगळ नव्हती. जागतिक खेळाला ज्यातून नवी चाल मिळाली अशी ती शाळा होती. शाळेतून विद्यार्थी मोठा झाला म्हणून शाळा पाडायची असते का?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ज्या ओसरीची मी हळहळतोय त्या ओसरीवर बसायला कुणाला मुभा होती? पारावर पट मांडून दुपार घालवणारे कोण होते, आणि त्या वेळी शेतात कोण होतं, चुलीपुढे कोण होतं? हा प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला आणि मी गप्प झालो. मंदोदरीला खेळाची जननी म्हणणाऱ्या समाजात रोहिणी खाडिलकर १९७६मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा गदारोळ झाला, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूव यांना सांगावं लागलं की बाईला रोखता येणार नाही. रोहिणी १९८१मध्ये आशियाई महिला विजेत्या झाल्या. घड्याळ, गुणांकन आणि छापील नियम यांनी जे दार उघडलं ते ओसरीने उघडलं नव्हतं, हे कबूल केलंच पाहिजे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? जात्यावरच्या ओव्या ज्या कष्टातून आल्या ते कष्ट आपल्याला परत नकोत, म्हणून ओव्या गोळा केल्या नाहीत असं झालं नाही. आणि दुसरी बाजूही आहेच. सुलतान खान स्वतः कुणा नबाबाचा पोरगा नव्हता, आश्रित होता. १९३३ची ब्रिटिश महिला विजेती मिस फातिमा त्याच घरातली चाकर होती. जागतिक बुद्धिबळ संघटनेने सुलतान खानाला मानाचा ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. ज्यांची नोंद झाली नाही असे त्याच्यासारखे किती जण पारांवर बसून गेले असतील, याचा हिशेब नोंदच न ठेवणाऱ्यांनी मागू नये.

तिसरा आक्षेप असा की देशी नियम धड एक नव्हतेच. गावागणिक फरक. कुठे राजाच्या आणि वजिराच्या पुढची प्यादी दोन घरं चालत, कुठे नाही. जिथे नियमच ठरलेले नाहीत तिथे जपायचं काय? गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्याच अंगणात आहे. खो-खोचेही गावोगाव नियम वेगळे होते. १९१४मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ते बांधून काढले. हुतूतूचे संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार होते. त्यातून एक खेळ घडवला गेला आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. म्हणजे ज्या दशकांत मराठी माणूस मातीतल्या खेळांचे नियम निगुतीने लिहीत होता, त्याच दशकांत पटावरच्या खेळाचे नियम वाऱ्यावर सोडत होता. असं का? मला वाटतं, खो-खोला विलायती पर्याय नव्हता, बुद्धिबळाला होता. साहेबाचं नियमांचं पुस्तक तयार होतं, त्याला प्रतिष्ठा होती, आणि ते उचललं की साहेबाला हरवताही येत होतं. याची सुरुवात फार आधीची आहे. १८१४मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं 'विलासमणिमंजरी' इंग्रजीतून छापलं गेलं. त्यात प्याद्याने मात करायची कोडी आहेत, आपली अस्सल. पण इंग्रजी शीर्षकातच म्हटलंय की हे डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती. पट आधीच वाकला होता.

खो-खो बांधताना काही हरवलं, हेही खरं. हुतूतूतला संजीवनी आज कोण खेळतो? म्हणून मी देशी बुद्धिबळाचा महासंघ काढा, राज्य अजिंक्यपद भरवा, शाळेत सक्ती करा असलं काही म्हणत नाही. सक्तीने मुलं त्याचाही तिरस्कार करायला शिकतील. मी एवढंच म्हणतो की दोन खेळ एका घरात नांदू शकतात, आणि याचा पुरावा बाहेर आहे. जपानमध्ये शोगीचे, म्हणजे तिथल्या देशी बुद्धिबळाचे, व्यावसायिक खेळाडू आहेत, त्यांच्या लढती वर्तमानपत्रं पुरस्कृत करतात. चीनमध्ये म्हातारे रस्त्याकडेला शियांगची हे चिनी बुद्धिबळ खेळतात आणि त्याच देशाचा डिंग लिरेन जगज्जेता होतो. थायलंडमध्ये मकरुक हे थाई बुद्धिबळ अजून चहाच्या दुकानात चालतं, आणि मराठी वाचकाने तिथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. मकरुकमधला 'खोन' हा मोहरा चारही तिरक्या घरांत एकेक पाऊल जातो आणि एक पाऊल सरळ पुढे. आता प्रवासी पंडित अल्-बिरूनीने १०३०च्या सुमारास हिंदुस्थानातल्या हत्तीची चाल काय लिहिली आहे? चार कोपरे आणि एक सरळ पुढे. लोक म्हणतात, चार पाय आणि सोंड. हजार वर्षांपूर्वीचा आपला हत्ती आज बँकॉकच्या टेबलावर सोंड पुढे करून चालतोय. तिथला 'मेत'ही आपल्या जुन्या मंत्र्यासारखा एकच तिरकं घर जातो. म्हणजे आपल्या खेळाचं जुनं रूप बघायला आपल्याला परदेशी जावं लागतं, आणि घरी आपण जन्मदाखला फडकवतो.

अभिमानाची ही निवड किती सोयीची असते तेही बघा. महाराष्ट्रातल्या कित्येक लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या फरशांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर नवकंकरीचे आणि वाघ-बकरीचे पट कोरलेले आहेत. मोहरे म्हणून चार खडे, चार चिंचोके. खर्च शून्य, आणि खेळणारे बहुधा पहारेकरी, पाथरवट, वाटसरू. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ, दोन्ही बाजूंच्या चाली वेगळ्या आणि जिंकण्याच्या अटीही वेगळ्या. तोही बुद्धीचाच खेळ, नशीब कुठेच नाही. ओसरी ज्यांना बंद होती त्यांचा पट कदाचित हाच असेल. पण त्याच्यासाठी कट्ट्यावर कुणी पेढे आणत नाही, कारण त्यात जगज्जेता होता येत नाही. आम्ही त्या पटांवर बूट ठेवून फोटो काढतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली फरशी बदलली तर कुणाला कळतही नाही. जो वारसा जगाने विकत घेतला तोच आपल्याला दिसतो, हे मला जास्त खुपतं.

काम खरं तर लहान आहे आणि घाईचं आहे. देशी खेळलेली माणसं आता नव्वदीत आहेत. ज्याच्या घरात असं कुणी आहे त्याने एक दुपार काढून मोबाइलवर त्यांचा डाव टिपावा. राजाची उडी कधी, बुर्ज कशाला म्हणत, प्याद्याने मात केली तर तिला काय म्हणत, हे त्यांच्याच शब्दांत. फरक निघाले तर निघू देत. ओव्यांतही पाठभेद आहेत, म्हणून कुणी त्यांना खोटं म्हटलं नाही. बुद्धिबळाचे वर्ग आता तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांतल्या एखाद्या शिक्षकाने वर्षातून एक शनिवार देशी पट मांडला तर मुलांच्या गुणांकनाला धक्का लागणार नाही. शेवटच्या डावाची समज सुधारली तर सुधारेलच, पण माझा आग्रह त्या फायद्यासाठीही नाही.

आजोबांचा पट माझ्याकडे आहे. लाल दोरा दोन-तीन ठिकाणी उसवलाय, हिरव्या बाजूचा एक घोडा हरवलाय, त्याच्या जागी सुपारी ठेवतो. माझी भाची नऊ वर्षांची, मोबाइलवर मला सहज हरवते. या दिवाळीत तिला देशी मांडून दिलं. राजाला उडी मारू दिली तेव्हा म्हणाली, "मामा, ही चीटिंग आहे." मग दोन डावांनंतर तीच माझ्या आधी उडी मारायला लागली. तिसऱ्या डावात माझ्याकडे राजा आणि एकच उंट उरला होता. मी तो उंट मुद्दाम तिच्या हत्तीच्या तोंडी दिला. तिने हत्ती उचलला, उंटाच्या घरापर्यंत नेला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तो परत जागेवर ठेवून प्यादं एक घर पुढे सरकवलं.